गोल्फचा चातुर्मास

पत्र: मी ५१ वर्षांचा, पुण्यात सीए आहे. नऊ वर्षं गोल्फ खेळतोय. गेल्या दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं होतं, हँडिकॅप (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा, कमी तितका चांगला) १३.८ होता. नंतर काय बिनसलं कळत नाही. ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, उजवीकडे वळून थेट झाडांत आणि ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक गवतावर, पोचलो की बॉल होलमध्ये घालायला तीन-तीन पट (हलके फटके). हँडिकॅप आता १७.९ आहे. दोन कोच करून झाले, महागडा ड्रायव्हर (लांब मारायचा क्लब) घेतला, रोज रात्री तासभर व्हिडिओ बघतो. मित्र म्हणतात, सगळं मनात आहे. वयाचं म्हणावं तर दिवाळीत प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला तेवढंच, बीपी-शुगर नॉर्मल. बायको म्हणते, रविवारी दुपारी तुझं तोंड बघवत नाही, मग जातोस कशाला? दोन-तीन महिने खेळणंच बंद करावं असं वाटतंय. पण एकदा सोडलं तर परत जाईन का? आणि आमच्या चौघांत माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली तर? ब्रेक घ्यावा का?
– रफमध्ये हरवलेला

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात उत्तर सोपं वाटलं: घ्या ब्रेक, हाय काय अन् नाय काय. दुसऱ्या वाचनात मात्र चष्म्याच्या ओळीपाशी अडकलो. बीपी-शुगरच्या आधी तुम्ही ती अशी उरकलीय, जशी एखादी किरकोळ नोंद. दिवाळीत चष्मा आला आणि दिवाळीनंतर खेळ गेला. उभा जन्म दुसऱ्यांच्या वह्यांतल्या तारखा जुळवणाऱ्या माणसाला स्वतःच्याच दोन तारखा शेजारी-शेजारी दिसू नयेत, याचं मला हसू आलं. रागावू नका. घरच्या हिशेबात सगळ्यांचंच असं होतं.

म्हणून ब्रेकचं नंतर. आधी चष्मा.

प्रोग्रेसिव्ह काचेचा वरचा भाग लांबचं बघायला असतो आणि खालचा वाचायला, म्हणजे हातभर अंतराला. तुम्ही टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहून बॉलकडे बघता तेव्हा नजर खालच्या भागातून जाते, आणि बॉल असतो डोळ्यांपासून चांगला पाच फुटांवर. तो धूसर दिसतो. मग माणूस नकळत हनुवटी छातीकडे नेतो, म्हणजे वरच्या काचेतून बॉल स्पष्ट दिसावा. आता जरा खुर्चीतून उठा, हनुवटी छातीला टेकवा आणि बॅकस्विंग घेऊन, म्हणजे क्लब मागे वर नेऊन, बघा. डावा खांदा हनुवटीखालून जायचा असतो, त्याला जागाच उरत नाही. खांदा फिरत नाही म्हणून नुसते हात वर उचलले जातात, आणि खाली येताना क्लब बाहेरून आत कापत येतो. बॉल उजवीकडे, झाडांत. (तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून चाललोय. डावरे असाल तर झाडं तेवढी बदला.)

ग्रीनवरही तेच. पट मारण्याआधी तुम्ही बॉलकडे बघता, मान वळवून होलकडे बघता, पुन्हा बॉलकडे. दर वेळी नजर काचेच्या वेगळ्या भागातून जाते, आणि त्या काचांच्या कडांना चित्र थोडं वाकलेलं असतं. चढ-उतार किंचित हलल्यासारखे भासतात. आठ फुटांचा पट नजरेला सहाचा वाटला, तर तीन पट व्हायला कितीसा वेळ लागतो?

खात्री करणं तुमच्या नव्या ड्रायव्हरच्या मानाने फारच स्वस्त आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, गोल्फ खेळतो, त्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा एक साधा चष्मा हवा. त्यातून स्कोअरकार्ड वाचता येणार नाही. तेवढंच बरं! कार्ड लिहायचं काम तूर्त दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घाला.

आता तुमच्या मित्रांचं 'सगळं मनात आहे'. मला हे वाक्य आवडत नाही. ते म्हणायला काही लागत नाही, आणि ज्याला म्हटलं तो आणखी खचतो. तुमचे आकडे तर निराळंच सांगतात. २०२०पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठच धरतात. म्हणजे उरलेल्या बारा फेऱ्यांत तुम्ही कितीही दिवे लावले तरी हँडिकॅपला त्याचा पत्ता नसतो. म्हणूनच अधूनमधून डोकं फिरलेल्या माणसाचा हँडिकॅप फारसा हलत नाही. तुमचा हलला, म्हणजे तुमचे चांगले दिवसच बिघडलेत. शिवाय वर्षभरातल्या नीचांकापेक्षा वाढ तीन फटक्यांच्या पुढे गेली की पुढची वाढ निम्मीच धरतात, आणि पाचाच्या पुढे तर जाऊच देत नाहीत. १३.८ अधिक तीन म्हणजे १६.८. त्याच्या वरचे तुमचे १.१ हे निम्मे केलेले आहेत. खरा आकडा १९ आला असता. पावणेचौदाचा खेळाडू आपल्या चांगल्या दिवशीही एकोणीसचा खेळतो, तेव्हा काहीतरी ठोस बदललेलं असतं. अंग, क्लब, नाहीतर डोळे. (कोपराच्या आतल्या बाजूला किंवा खांद्यात दुखत असेल तर तेही दाखवून घ्या. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विषय वाढवत नाही.)

आणि ठोस कारण असेल तर नुसत्या ब्रेकने ते जात नाही. हे मी माझ्या अंगावरून सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मला शँक लागला. हा शब्द गोल्फवाले तोंडातून काढत नाहीत, रात्री सापाला लांबडं म्हणतात तसं. क्लबच्या पात्याऐवजी दांड्याच्या सांध्याला बॉल लागतो आणि काटकोनात उजवीकडे पळतो, बहुतेक वेळा शेजारच्या फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) उभ्या असलेल्या सभ्य माणसाच्या दिशेने. दोन महिने तो छळ सोसला आणि वैतागून तीन आठवड्यांचा ब्रेक जाहीर केला. जाहीर म्हणजे घरी, जेवताना, सगळ्यांसमोर. चौथ्या दिवशी नाशिकरोडच्या फलाटावर गाडीची वाट बघत होतो, हातात छत्री होती. मला वाटलं मी नुसता उभा आहे. पण छत्रीची पकड बरोबर सात नंबरच्या आयर्नची होती, आणि फॉलो-थ्रूमध्ये शेजाऱ्याच्या हातातला कटिंगचा ग्लास उडाला. बरोबर मुलगी होती. ती म्हणाली, ''बाबा, तुमचा उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी.''

तिचं बरोबर होतं. त्या तीन आठवड्यांत मी मैदानावर गेलो नाही एवढंच. लिफ्टच्या आरशात, बाथरूममध्ये, मुंज लागायची वाट बघताना कार्यालयाच्या व्हरांड्यात, सगळीकडे स्विंग चालू होता. परत गेलो, आणि पहिल्याच चिपला (ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला) बॉल काटकोनात. माझी क्लबची पिशवी उचलणारा कॅडी माझ्याबरोबर पाच वर्षं होता. तो शांतपणे म्हणाला, ''साहेब, तुम्ही बॉलच्या लई जवळ उभं राहताय. वजन सगळं चवड्यावर येतंय. तीन महिने झाले.''

''मग सांगितलं का नाहीस?''

''विचारलं कुठं तुम्ही?''

दोन इंच मागे सरकलो, टाचा टेकवल्या. शँक गेला. तीन आठवड्यांच्या ब्रेकने जे झालं नाही ते दोन इंचांनी झालं.

तेव्हा पहिलं काम, तुमच्या कॅडीला विचारा. नऊ वर्षांत दोघा-तिघांशी तरी तुमचं जमलं असेल. 'माझं काय चुकतंय' असं विचारू नका, तो लाजेल किंवा तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगेल. विचारा, 'दिवाळीच्या आधी मी उभा कसा राहायचो आणि आता कसा राहतो?' कोचनी तुम्हाला दिवाळीनंतर पाहिलंय. व्हिडिओतल्या माणसाने तर पाहिलेलंच नाही. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही तुम्ही फक्त कॅडीने पाहिलेत.

मग ब्रेक घ्यायचाच नाही का? घ्यायचा. चष्म्याने मूळ कारण जाईल असं धरलं, तरी त्यावर सात महिन्यांत जे थर चढलेत ते चष्म्याने जात नाहीत. एका कोचने पकड बदलली असेल, दुसऱ्याने पाय. व्हिडिओतल्या कुणी मनगट, कुणी कंबर. नवा ड्रायव्हर वेगळ्या वजनाचा. यातला प्रत्येक उपाय वाकलेल्या मानेवरचा उपाय आहे. मान सरळ झाली की तेच उपाय चुका होतील. उद्या नवा चष्मा घालून टीवर गेलात आणि हे सगळं डोक्यात घेऊन मारलंत, तर बॉल बहुतेक डावीकडच्या झाडांत जाईल आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

दुरुस्त्यांचं ओझं काय करतं याचं गोल्फमधलं सर्वांत वाईट उदाहरण इयन बेकर-फिंचचं. हा ऑस्ट्रेलियन १९९१ साली ब्रिटिश ओपन जिंकला. त्यानंतर आणखी लांब मारता यावं म्हणून स्विंगशी खेळत बसला. सरावात सगळं ठीक, पहिल्या टीवर उभा राहिला की सगळं गायब. १९९५ साली त्याच स्पर्धेत सेंट अँड्र्यूजला पहिल्या होलवर त्याने बॉल डावीकडे हद्दीबाहेर मारला. तिथे पहिला आणि अठरावा होल एकाच रुंद फेअरवेवर आहेत, एवढी मोठी जागा चुकवणं म्हणजे शनिवारवाड्यासमोर उभं राहून शनिवारवाडा न सापडणं. १९९७ साली रॉयल ट्रूनला ९२ फटके झाले, त्याने स्पर्धेतून माघार घेतली आणि पुढे कॉमेंटरीत रमला. तो आळशी नव्हता. थांबायला हवं होतं तेव्हा तो थांबला नाही, असं आपलं माझं मत.

थर उतरवायचे तर वेळ लागतो, आणि इथे ब्रेक खरंच कामाला येतो. नऊ वर्षं घोटलेला स्विंग दोन महिन्यांत जात नाही, सायकल जात नाही तसा. कालपरवा उसना घेतलेला मात्र पटकन पुसला जातो. आपल्याला तेच हवंय.

आता कधी आणि किती. तुम्ही 'दोन-तीन महिने' असं मोघम लिहिलंय, ते मला पटत नाही. ज्या ब्रेकला शेवटची तारीख नाही त्यात माणूस रोज सकाळी उठून स्वतःशी वाद घालतो, आज जाऊ की नको. आपल्याकडे याची जुनी, चोख सोय आहे. चातुर्मास धरतात ना, तसा धरा. चातुर्मासात कांदा सोडणारी आजी रोज कांद्याचा विचार करत नाही. आषाढीला सोडला, कार्तिकीला धरला, मधे प्रश्नच नाही. तुम्हाला चार महिने नकोत, आषाढी एकादशी ते गणेश चतुर्थी पुरे. साधारण बावन्न दिवस होतात (मधे अधिक मास नसला तर). तसंही पुण्यात ते पावसाचे दिवस. फेअरवे मऊ, बॉलला रोल नाही, क्लब बॉलच्या आधी चिखलात रुततो. धड खेळणाराही त्या दिवसांत दोन वाईट सवयी लावून घेतो. फार काही गमावत नाही तुम्ही.

आणि आषाढीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी असते हे विसरू नका. कांदा सोडण्याआधी भजी, थालीपीठ, झुणका, सगळं कांद्याचं पोटभर. तशी एक फेरी खेळा. नवा चष्मा तोवर आलेला असू दे. कार्ड नाही, पैज नाही, प्रत्येक बॉल जोरात. त्यात बॉल सरळ जायला लागले तर? जाऊ देत. एका फेरीवर भाळून चातुर्मास मोडू नका.

पथ्य एकच, पण कडक. खेळणं बंद, आणि *सुधारणंही बंद*. व्हिडिओ नाही, छत्री नाही, लिफ्टचा आरसा नाही. मोबाइलवरची ती चॅनेलं काढूनच टाका, नाहीतर रात्री साडेदहाला हात आपोआप तिकडे जाईल. उपासाला साबुदाणा चालतो तसा एक अपवाद देतो: पटर, ग्रीनवर पट मारायचा क्लब. घरी सतरंजीवर, नवा चष्मा घालून, दहा मिनिटं. कारण ब्रेकमध्ये पहिल्यांदा जातो तो हातातला अंदाज, आणि नव्या काचेशी नजर जुळायला हवीच. भांड्यात बॉल पाडायचा खेळ करू नका. सतरंजीच्या कडेपाशी बॉल थांबवायचा, बस. रविवारी सकाळी काय करायचं ते मी सांगणार नाही, ते बायकोला विचारा. तिच्याकडे यादी तयार असणार.

परत जाईन का, ही भीती. ज्याला खेळाचा खरंच कंटाळा आलाय तो असं पत्र लिहीत नाही. विराट कोहलीने २०२२ साली महिनाभर बॅटला हात लावला नव्हता, दहा वर्षांत पहिल्यांदाच असं त्यानेच सांगितलं. मग आशिया कपमध्ये त्याचं शतक आलं, १०२० दिवसांनी. महिनाभर बॅट ठेवली म्हणून शतक झालं असं मी म्हणत नाही. ठेवली म्हणून बॅट हरवली नाही, एवढंच.

तुमच्या चौघांचं मात्र खरं आहे. रविवारची सकाळची वेळ, तिघे रिकामे, चौथा कुणीतरी येणारच. येऊ दे. उलट तुम्हीच एखादा शोधून द्या, 'गणपतीपर्यंत' असं सांगून. आणि खेळून झाल्यावर ते नाश्त्याला बसतात तेव्हा तुम्ही हजर राहा. ऑम्लेट-पाव तुमचा, बिल तुमचं. त्यांच्या कुणाचा कुठला पट कसा हुकला ते ऐका. न खेळता ऐकताना ते किती मजेशीर असतं हे तुम्हाला पहिल्यांदाच कळेल.

एक गोष्ट पत्रात नाही, पण सांगतो. तुमचा ठरलेला कॅडी असेल तर त्याला आधी सांगा. त्याला पैसे फेरीवर मिळतात, पावसाळ्यात फेऱ्या आधीच कमी. तुमचा चातुर्मास म्हणजे त्याचा सक्तीचा उपास होता कामा नये. बदली चौथ्याला त्याची गाठ घालून द्या, नाहीतर काही रक्कम हातावर ठेवा. त्याच्याकडून सात महिन्यांचं निदान करून घेणार आहात, फी समजा.

परतल्यावरचं. डेव्हिड डुव्हाल १९९९ साली जगात पहिल्या क्रमांकावर होता, २००१ साली ब्रिटिश ओपन जिंकला, आणि दोन वर्षांत त्याचा खेळ पार ढासळला. २००३च्या अखेरीस तो थांबला. सात-आठ महिन्यांनी, जून २००४मध्ये, थेट यूएस ओपनला उतरला. ८३ आणि ८२. कट हुकला, म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत खेळायलाच मिळालं नाही. ब्रेकनंतरचा पहिला स्कोअर असा असू शकतो, तोही जगज्जेत्याचा. हाच माणूस २००९च्या यूएस ओपनला संयुक्त दुसरा आला, पण मधे पाच वर्षं गेली. म्हणून गणपतीनंतरच्या पहिल्या तीन-चार फेऱ्यांचा निकाल लावायला बसू नका. पहिल्या दोन तर कुणालाच न सांगता खेळा, संध्याकाळी, नऊ होल, तुम्ही आणि कॅडी.

ड्रायव्हर घरी ठेवा, तो महागडा तर नक्कीच. सचिनचं जानेवारी २००४चं सिडनी आठवा. त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेर ड्राइव्ह करताना बाद होत होता, तर त्याने कव्हर ड्राइव्ह मारलाच नाही. नाबाद २४१, दहा तासांहून जास्त, आणि सगळ्या जगाला आवडणारा फटका पेटीत बंद. तुम्ही टीवर पाच नंबरचं लाकूड किंवा एखादं आयर्न घ्या. दोनशेऐवजी दीडशे यार्ड जाईल, पण पुढचा बॉल गवतावर सापडेल. महिनाभराने ड्रायव्हर काढा, तोही जुना. दिवाळीच्या आधीचा विकला तर नाहीत ना?

चष्म्याचं याच आठवड्यात करा, आषाढी जवळ आलीय. आणि कॅडी काय म्हणाला ते मला कळवा. माझा अंदाज चुकला असेल तर तो त्याला आधीच माहीत असणार.